नवव्या रांगेतले सहा अँपिअर

मीटरबाईंचा डावा हात बहुधा पाठीमागे असे. पातेल्यात पळी फिरवताना, दुकानात वस्तू निवडताना, इतकेच काय, स्वतःच्या घराचे कुलूप उघडतानाही उजवा हात कामात आणि डावा पाठीशी, अशी त्यांची ठेवण होती. अनोळखी माणसाला वाटे, बाईंचा हात दुखावलेला असावा. ओळखीची माणसे गालातल्या गालात हसत. या सवयीला सबळ कारण होते. त्यांचे वडील वायरमन होते आणि आपल्या एकुलत्या एका मुलीला बाराव्या वर्षी त्यांनी जो पहिला धडा दिला तो असा, की जिवंत तारेजवळ एकच हात न्यावा. दुसरा पुढे आला, की वीज एका हातातून शिरते आणि छातीतून वाट काढीत दुसऱ्या हातातून बाहेर पडते. "छातीत तिचं काही काम नाही," असे ते म्हणत. मुलीने हा धडा असा काही अंगी बाणवला, की पुढे लग्नाच्या छायाचित्रातही नवरीचा डावा हात दिसत नाही.

तंत्रविद्यालयात एकतीस मुलांत त्या एकट्या मुलगी. पहिल्या दिवशी शिक्षकांनी विचारले, "तू वाट चुकून आलीस का गं?" त्या म्हणाल्या, "नाही सर. पण तुमच्या डोक्यावरच्या पंख्याची तार सैल आहे." शिडी आणून पाहिले तर तार खरोखरच सैल! त्यानंतर त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे साबणाच्या कारखान्यात चौदा वर्षे आणि मग डेटा सेंटरमध्ये अकरा वर्षे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा प्रवास झाला. कुणाच्याही घरी गेल्या, तरी घरच्या माणसांची विचारपूस करण्याआधी त्यांची नजर दारामागच्या विजेच्या मीटरकडे जाई. त्यावरून हे नाव पडले आणि त्यांनीही ते आनंदाने पत्करले.

डेटा सेंटर म्हणजे बाहेरून पाहिले तर खिडक्या नसलेली एक करडी इमारत. आत गारठा, अखंड घोंघावणारे पंखे आणि लोखंडी कपाटांच्या बारा रांगा. कपाटांत यंत्रे आणि यंत्रांत साऱ्या शहराचा कारभार : बँकांचे व्यवहार, शाळांचे निकाल, दवाखान्यांची कागदपत्रे. या यंत्रांना ऊन, धूळ, माणसांची बडबड यांपैकी काहीही एकवेळ चालेल. पण विजेने क्षणभर डोळा मिटलेला चालत नाही. म्हणून तेथे विजेच्या दोन वाटा होत्या. एक तांबडी, एक निळी. प्रत्येक वाटेचे जनित्र वेगळे, आणि वीज गेल्यावर जनित्र सुरू होईपर्यंत बॅटऱ्यांवर भार तोलून धरणारे यूपीएसचे कपाटही वेगळे. प्रत्येक यंत्राला दोन तारा : एक तांबडीतून, एक निळीतून. दोन्ही वाटा धडधाकट असल्या, की यंत्र निम्मी निम्मी वीज घेते. एक वाट बंद पडली, की सारा भार दुसरी उचलते आणि यंत्राला त्याचा पत्ताही लागत नाही. हा पत्ता कधीही लागू नये, हीच मीटरबाईंची नोकरी.

त्यासाठी त्यांनी दोन शिस्ती घालून दिल्या होत्या. पहिली शिस्त अकरा वाजताच्या फेरीची. आठ मोठ्या पडद्यांवर सारे आकडे झळकत असताना त्या रोज स्वतः बारा रांगांतून फिरत आणि प्रत्येक रांगेची तांबडी किती अँपिअर, निळी किती अँपिअर, हे वहीत शाईने उतरवून घेत. दुसरी शिस्त पिवळ्या चिठ्ठीची. दुरुस्तीपुरती एखादी तार एका वाटेवरून दुसरीवर न्यावी लागली, की जाड पिवळ्या कागदाच्या चिठ्ठीच्या दोन्ही अर्ध्यांवर तपशील लिहायचा, चिठ्ठी मधोमध फाडायची, एक अर्धा त्या जागी टांगायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा. तार मूळ जागी परतली, की दोन्ही अर्ध्यांच्या फाटक्या कडा जुळवून ते वहीत चिकटवायचे. तोवर काम सुटले असे म्हणायचे नाही, आणि खिशात अर्धी चिठ्ठी घेऊन कुणी घरी जायचे नाही. मीटरबाईंचे यजमान शिंपी होते. त्यांनी बाईंच्या कामाच्या कोटाला आतून खास चिठ्ठीच्या मापाचा खिसा शिवून दिला होता. संध्याकाळी तो खिसा चाचपायचा; रिकामा लागला, की दिवस संपला.

तो गुरुवारचा दिवस होता. पाच दिवसांच्या तापातून उठून बाई कामावर निघाल्या होत्या. शेजारच्याच गल्लीत राहणारी धाकटी नणंद कामावर जाता जाता चहाला डोकावली. रुग्णवाहिका बोलावणाऱ्यांचे फोन जेथे येतात, त्या मदतकक्षात ती फोन घेण्याच्या कामावर होती.

"वहिनी, आज तुमचा तो मोठा उद्योग आहे ना? आमचे फोन बंद पाडू नका म्हणजे झालं."

"तुमची यंत्रं नवव्या रांगेत, चौथ्या कपाटात आहेत," बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. "दोन वाटांवर उभी आहेत. तू बिनधास्त फोन घे."

"बिनधास्त काय! परवा एका बाबाचा फोन आला, बायको जिन्यावर कोसळली म्हणून. मी पत्ता विचारतेय आणि तो नुसता रडतोय. तेवढ्यात लाइन तुटली असती तर?"

"तुटणार नाही," बाई म्हणाल्या.

"दादा, ऐकलंस? वहिनीनं शब्द दिलाय हं!"

यजमान शिवणयंत्रावर पाय चालवीत म्हणाले, "मला साक्षीला धरू नकोस. मी फक्त कोट धुतो."

मोठा उद्योग असा होता : तांबड्या वाटेच्या यूपीएसमधले काही भाग जुने झाले होते आणि ते बदलण्यासाठी दुपारी तीन वाजता तांबडी वाट सहा तास पूर्ण बंद ठेवायची होती. तेवढा वेळ सारी इमारत निळीवर उभी राहणार होती. भाग बसवणारा फोरमन आपली चार माणसे घेऊन दूरच्या गावाहून आला होता आणि आजची संधी हुकली, तर त्याची पुढची तारीख तीन महिन्यांनी मिळणार होती.

अकराच्या ठोक्याला बाई फेरीला निघाल्या. वहीचे पान उलटताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या गैरहजेरीत बदली कामगाराने पाचही दिवस प्रत्येक रांगेपुढे 'ठीक' एवढेच लिहून ठेवले होते. 'ठीक' हा काही आकडा नव्हे. पुटपुटतच त्या एकेक रांग उतरवू लागल्या. पहिली ते आठवी, दोन्ही वाटांचे आकडे जवळजवळ सारखे. नववी रांग : तांबडी एक्केचाळीस, निळी एकोणतीस.

बाई थांबल्या. त्यांनी मीटर पुसून पुन्हा पाहिले. मागच्या शुक्रवारी सकाळी त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते : तांबडी पस्तीस, निळी पस्तीस. बेरीज तेव्हाही सत्तर, आजही सत्तर. म्हणजे भार वाढला नव्हता, घटलाही नव्हता. निळीतले सहा अँपिअर गुपचूप उठून तांबडीत जाऊन बसले होते! तापाने जड झालेले अंग एकाएकी हलके झाले. पंचवीस वर्षांत अशा वेळी दर खेपेला व्हायचे तेच झाले : कानशिले गरम झाली आणि पावलांना गती आली.

पडद्यांच्या खोलीत पडदेपंत बसले होते. आठ पडद्यांसमोर बसून सारी इमारत राखणारे हे पन्नाशीचे गृहस्थ. खुर्चीतून उठणे त्यांना सहसा मानवत नसे.

"पंत, नवव्या रांगेत काही दिसतं का?"

"हिरवं दिसतं," पंत म्हणाले. "सगळं हिरवंगार. कुरणात बसल्यासारखं वाटतं."

"तांबडी एक्केचाळीस आहे आणि निळी एकोणतीस."

"मग? पन्नासच्या पुढे गेलं की माझा पडदा पिवळा होतो, ऐंशीला लाल. एक्केचाळीस हिरवं, एकोणतीसही हिरवं."

"आणि दोघांतला फरक?"

"फरकाला रंग नाही दिलेला, मीटरबाई." मग जरा मिस्कीलपणे त्यांनी विचारले, "बॅटरी बदललीत का?"

या प्रश्नामागे एक जुनी जखम होती. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या कामाच्या दिवशी बाईंनी 'थांबा' म्हणून याच फोरमनसकट सारे अडवले होते आणि शेवटी दोष निघाला तो त्यांच्याच हातातल्या मीटरच्या मेलेल्या बॅटरीत. तेव्हापासून त्यांनी शंका काढली रे काढली, की कुणीतरी बॅटरीची चौकशी करीच. बाईंनी मीटर उघडला, नवी बॅटरी घातली, पंतांना दाखवली आणि परत जाऊन मोजले. तांबडी एक्केचाळीस. निळी एकोणतीस.

मुख्य अभियंता साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. ते हुशार होते आणि त्यांचे म्हणणेही वावगे नव्हते.

"बाई, नव्या यंत्रांत वीज वाचवायची एक सोय असते. एक तार जागी राहते, दुसरी झोपते. पहिली मेली की दुसरी पापणी लवायच्या आत उठते. कुणीतरी ती सोय सुरू केली असेल. मग सहा अँपिअर इकडचे तिकडे होणारच."

"असेल साहेब. पण तसं नसेल आणि एखाद्या कपाटाच्या दोन्ही तारा तांबडीवरच असतील, तर तीन वाजता ते कपाट विझेल."

"असं कुठलं कपाट दिसलंय का तुम्हाला?"

"अजून नाही."

"तीन वाजेपर्यंत दाखवा, मी काम थांबवतो. नुसत्या शंकेवर नाही थांबवणार. फोरमन पाचशे कोस तुडवत आलाय."

बाई परतल्या त्या जवळजवळ धावतच. नवव्या रांगेत बावीस कपाटे. प्रत्येकाची मागची दारे उघडून त्यांनी तारा तपासायला घेतल्या. प्रत्येक यंत्राला एक तांबडी तार, एक निळी. तांबडी तार कपाटाच्या कडेच्या तांबड्या सॉकेटपट्टीत, निळी तार निळ्या पट्टीत. पहिले कपाट चोख. दुसरे चोख. चौथ्यापाशी आल्यावर नणंदेची आठवण होऊन त्यांनी एकेक प्लग बोट टेकवून पाहिला. यंत्रांवरचे बारके हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांतल्या एखाद्या लुकलुकीत कुणाचा तरी घाबरा आवाज पळत असेल, असे मनात येऊन गेले. तेही चोख. बाविसावे कपाट झाले तेव्हा दोन वाजून पंचवीस मिनिटे झाली होती आणि हाती भोपळा लागला होता.

उरली ती फरशीखालची बाजू. तेथे फरश्या उचलता येत; त्यांच्या खालून विजेच्या पेट्या जात आणि प्रत्येक कपाटाच्या तांबड्या व निळ्या पट्टीचा एकेक जाडजूड प्लग त्या पेट्यांतल्या सॉकेटमध्ये बसवलेला असे. पण खाली बाईंखेरीज कुणाचा हात जात नसे. त्यातही मागच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच निळ्या पेटीतली सैल झालेली सॉकेटे शोधून शोधून बदलली होती. सॉकेट बदलायचे म्हणजे तेवढ्यापुरता प्लग तांबड्या पेटीत न्यायचा, पिवळी चिठ्ठी लावायची, नवे सॉकेट बसवून प्लग परत आणायचा. त्यांनी वही काढली. शुक्रवारच्या पानावर अकरा चिठ्ठ्या, प्रत्येकीच्या कडा जुळवून चिकटवलेल्या. नवव्या रांगेतल्या तीन : पहिले कपाट, दुसरे, सातवे. एकही सुटी नाही.

"खाली माझेच हात होते," त्या स्वतःशी म्हणाल्या, "आणि माझी वही स्वच्छ आहे."

दोन वाजून चाळीस मिनिटे झाली. साहेबांचे झोपलेल्या तारांचे म्हणणेच खरे मानावे काय? बाईंनी घाम पुसायला रुमाल काढला आणि सवयीने हात आतल्या खिशाकडे गेला. बोट आत शिरेना. कोट त्याच सकाळी इस्त्रीहून आला होता आणि खिशाचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटले होते. बोटाने ते सोडवता सोडवता बाई जागच्या जागी खिळल्या.

हा कोट तर शुक्रवारी दुपारीच धुण्यात गेला होता. मग शुक्रवारी संध्याकाळी चाचपला तो खिसा कोणता?

आता एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येऊ लागली. शुक्रवारी दुपारी सॉकेटांचे काम चालू असतानाच जनित्राच्या खोलीतला भोंगा वाजला होता. हातातले टाकून त्या धावल्या होत्या. मात्र उघडी फरशी मागे ठेवायची नाही, या नियमाने जाता जाता फरशी लावून. जनित्राची नळी फुटली होती आणि कोट तेलाने माखला होता. तो पिशवीत कोंबून त्यांनी खुंटीवरचा जादा कोट चढवला होता. संध्याकाळी चाचपला तो या जादा कोटाचा साधा बाहेरचा खिसा, आणि रिकामा लागला म्हणून दिवस संपला असे मानून त्या घरी गेल्या होत्या. रात्रीपासून ताप! चिठ्ठीवर इतका विश्वास, की डोक्याने काही लक्षात ठेवायचे कष्टच घेतले नव्हते.

त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, शुक्रवारचा तेलकट कोट तुम्ही धुतलात ना?"

"धुतला. तीन पाण्यांत. एवढं तेल कुठून—"

"खिशात काही होतं का?"

"होतं की. शिंप्यानं खिसा न बघता कपडा पाण्यात घातला तर त्याला शिंपी कोण म्हणेल?"

"अहो, काय होतं?"

"एक स्क्रू, एक बडीशेपेची पुडी आणि ती तुझी पिवळी चिठ्ठी, अर्धीच. बटणांच्या डब्यात ठेवलीय."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"अगं, तू तापानं फणफणलेली. नंतर तू विचारलं नाहीस. मला वाटलं, दुसरा अर्धा हरवला म्हणून टाकून दिली असशील."

"वाचा. काय लिहिलंय ते वाचा."

पलीकडे बटणे खळखळली. चष्मा शोधण्यात अर्धे युग गेले. "नववी रांग... चौथं कपाट... निळा प्लग, तात्पुरता तांबड्यात. दोन वाजून दहा." मग यजमानांचा आवाज बदलला. "नववी रांग, चौथं कपाट म्हणजे... सकाळी तू धाकटीला म्हणालीस, ते?"

"तेच. अहो, तो तुकडा घेऊन या. सायकलनं. आत्ताच्या आत्ता!"

फरशी उचलायची रबरी चकती तिच्यावर चिकटवून बाईंनी ती उचलली आणि पोटावर आडव्या होऊन उजव्या हातातला दिवा खाली धरला. डावा हात पाठीशी. निळ्या पट्टीचा जाड प्लग तांबड्या पेटीत ऐटीत बसला होता आणि त्याच्या मानेवर पिवळ्या चिठ्ठीचा अर्धा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. वर सारे काही निळे : पट्टी निळी, तारा निळ्या. मूळ मात्र तांबड्यात. शेजारी निळ्या पेटीतले जुने सॉकेट, कडेला काळवंडलेले, न बदलता तसेच राहिले होते. प्लग नुसता परत लावण्याचीही सोय नव्हती.

त्याच क्षणी कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. फोरमनचा आवाज होता. "सगळे तयार. पाच मिनिटं आधीच सुरू करू या का साहेब? तांबडी बंद करतो."

अशा कामाचा एक पक्का रिवाज होता. वाट तोडणाऱ्या मोठ्या स्विचची मूठ ओढणाऱ्याने पुकारा करायचा आणि मीटरबाईंनी तेच शब्द परत उच्चारायचे. त्यांच्या आवाजात उत्तर आल्याखेरीज मुठीला हात लावायचा नाही.

"तांबडी बंद करतो," दुसरा पुकारा झाला.

बाईंचा उजवा हात अजून पेटीशेजारी होता. तो बाहेर काढल्याशिवाय डावा पुढे आणायचा नाही, हे पंचवीस वर्षांचे वळण त्या घाईतही मोडले नाही. त्या कोपरावर सरकत मागे येऊ लागल्या.

"बाई कुठंतरी गुंतल्यात," साहेबांचा आवाज आला. "मी उत्तर देतो. तांबडी—"

"नाही साहेब!" मध्येच पडदेपंत गरजले. "उत्तर बाईंच्याच आवाजात हवं. माफ करा, पण अकरा वर्षं त्यांनी हेच आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय."

हात मोकळा झाला. बाईंनी बटण दाबले.

"थांबा. मी मीटरबाई बोलतेय. कुणीही मुठीला हात लावू नका."

मग फोरमन हळूच म्हणाला, "बॅटरी बदलली का, बाई?"

"बदलली," त्या म्हणाल्या. "नववी रांग, चौथं कपाट, दोन्ही पाय तांबडीवर आहेत. कपाट रुग्णवाहिकेच्या फोनांचं आहे. शुक्रवारी निळा प्लग तांबड्यात नेला तो मी, आणि परत न आणता घरी गेले तीही मीच. चूक माझी आहे. मला अर्धा तास द्या."

वॉकीटॉकी साऱ्या इमारतीत ऐकू जात होता. झाडलोट करणाऱ्या बाईंपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनी ते ऐकले. मीटरबाईंना ते ठाऊक होते. म्हणूनच त्या सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून बोलल्या होत्या.

"दिला," साहेब म्हणाले. "फोरमन, तुमच्या माणसांना चहा घ्यायला सांगा."

पुढची वीस मिनिटे बाईंना पुढे कधीही नीट सांगता आली नाहीत, इतकी ती भुर्रकन उडाली. त्या एकाच सॉकेटचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली ओढून त्यांनी त्याला कुलूप घातले. तेथे वीज नाही याची मीटरने दोनदा खातरजमा केली. जुने सॉकेट निघाले तेव्हा त्याची एक पकड बोटाने हलत होती. नवे बसवले, स्क्रू आवळले, पुन्हा आवळले. खुर्चीतून कधी न उठणारे पडदेपंत स्वतः खाली येऊन दिवा धरून उभे होते आणि दर मिनिटाला घड्याळ वाचून दाखवीत होते.

"पंत, वेळ सांगू नका हो, हात घाईला येतो!"

"बरं. तीन वाजून नऊ मिनिटं झाल्याचं नाही सांगत."

ब्रेकर वर गेला. प्लग तांबडीतून निघाला. यंत्रे तेवढ्यापुरती आपल्या तांबड्या तारांवर तगून राहिली. प्लग निळ्या पेटीत बसला आणि 'खट्' असा घट्ट, समाधानाचा आवाज आला. बाई उठून रांगेच्या टोकाकडे धावल्या. तांबडी पस्तीस. निळी पस्तीस.

"पस्तीस-पस्तीस!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की पंखे थबकले असते.

"झालं तर मग! करायचं का सुरू?" साहेबांनी विचारले.

"नाही," बाई म्हणाल्या. "चिठ्ठीचे दोन अर्धे जुळलेले नाहीत."

"अहो बाई, आकडे जुळलेत ना!"

"साहेब, शुक्रवारी मी खिसा बघून घरी गेले. आज आकडा बघून सोडून देऊ? फाटलेल्या कडा जुळल्याशिवाय काम सुटत नाही. यजमान वाटेत आहेत."

फोरमनने आपल्या माणसांना दुसरा चहा मागवला.

तीन वाजून एकोणतीस मिनिटांनी दारावर सायकल आपटली. धापा टाकीत यजमान आत आले. गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती आणि काखेत आख्खा बटणांचा डबा होता. नुसता तुकडा वाऱ्यावर उडेल, अशी त्यांना भीती वाटली होती. पहारेकरी म्हणाला, "डब्यात काय आहे?" ते म्हणाले, "सगळ्यांचे प्राण!" आणि सरळ पुढे चालू लागले. पहारेकऱ्याने त्यांना थांबवून आधी नोंदवहीत सही करायला लावली. बाईंच्या इमारतीत सारेच बाईंसारखे झाले होते.

टेबलावर दोन पिवळे अर्धे एकमेकांजवळ सरकवण्यात आले. फाटलेल्या कडेचे दाते दात्यांत बसले. बाईंनी शुक्रवारच्या पानावर अकराव्याखाली बारावी चिठ्ठी चिकटवली आणि त्यापुढे शाईने लिहिले : 'सहा दिवस उशिरा. चूक माझी. कोट बदलला, खिसा बदलला, हे ध्यानात आले नाही.' खाली सही केली.

"तांबडी बंद करतो," फोरमनचा आवाज आला.

"तांबडी बंद करा," मीटरबाई म्हणाल्या.

दूर कुठेतरी मूठ खाली आली. नवव्या रांगेचा तांबडा आकडा शून्यावर उतरला आणि निळा चढू लागला : चाळीस, पंचावन्न, अडुसष्ट, सत्तर. तेथे तो ठाम उभा राहिला. पडदेपंतांचा पडदा ठरल्याप्रमाणे पिवळा झाला. चौथ्या कपाटातले बारके हिरवे दिवे पूर्वीसारखेच लुकलुकत होते. यजमानांनी वाकून काचेतून पाहिले आणि कुजबुजत विचारले, "आता काय झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काहीही झालं नाही."

पंतांनी त्याच संध्याकाळी साहेबांची परवानगी काढून दोन वाटांतल्या फरकालाही एक रंग दिला. तीन अँपिअरच्या पुढे गेला, की पडदा जांभळा. जादा कोटालाही तसाच आतला खिसा शिवायचा हुकूम सुटला आणि शिंपी तेथे हजरच असल्याने माप लगेच घेण्यात आले.

रात्रीच्या जेवणाआधी नणंदेचा फोन आला. "वहिनी, झाला का तुमचा उद्योग? आम्हाला तर काही कळलंच नाही."

"दुपारी फोन आले का गं?"

"तीन ते चार नऊ आले. एक बाळंतीण होती, वेळेत पोचली. का?"

"सहज विचारलं," बाई म्हणाल्या. आणि लगेच म्हणाल्या, "नाही, सहज नाही. सकाळी मी तुला शब्द दिला तो न बघता दिला होता. रविवारी ये, सगळं सांगते. रागावलीस तर रागाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कोट घ्यायला मागच्या अंगणात गेल्या. दोरीवर कोट वाळत होता आणि त्याच्या कॉलरला टाचणीने एक पिवळ्या कागदाचा तुकडा टोचलेला होता. त्यावर यजमानांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : 'कोट. तात्पुरता दोरीवर. खिसे तपासले.'

बाईंना हसू आवरेना. पण सवय ती सवय.

"अहो," त्यांनी आत हाक दिली, "दुसरा अर्धा कुठाय?"

शिवणयंत्राचा आवाज थांबला. यजमानांनी बसल्या जागेवरून सदऱ्याच्या खिशावर दोनदा थाप मारली.

"इथं आहे. तू कोट आत आणल्याशिवाय मी काही घराबाहेर पडणार नाही."